मतमोजणी आणि भांडवल



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर अर्थशास्त्राचा तास नकाशा उलगडून सुरू करत, असे त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात. आजचा विषय आहे आफ्रिकेतल्या निवडणुका आणि तिथला व्यापार-उद्योग, आणि त्याला नकाशाशिवाय हात घालता येत नाही. हिंदी महासागराच्या काठावर केनियाचे मोम्बासा बंदर आहे. तिथून एक रस्ता आणि एक रेल्वेमार्ग नैरोबीकडे चढत जातो आणि नकुरू, एल्डोरेट करत युगांडाच्या सरहद्दीला भिडतो. युगांडाला समुद्र नाही. रवांडाला नाही, बुरुंडीलाही नाही. या देशांचे डिझेल-पेट्रोल, खत, औषधे, पोलाद मोठ्या प्रमाणात या एका वाटेने वर जाते आणि त्यांची कॉफी, त्यांचा चहा याच वाटेने खाली येतो.

३० डिसेंबर २००७ च्या संध्याकाळनंतर ही वाट तुटली.

२७ डिसेंबरचे मतदान शांतपणे झाले होते. राष्ट्राध्यक्ष म्वाई किबाकी आणि विरोधी नेते रायला ओडिंगा यांच्यात चुरस होती. मोजणीत आधी ओडिंगा पुढे होते, मग त्यांची आघाडी आक्रसत गेली आणि काही मतदारसंघांचे आकडे उशिरा येऊ लागले. ३० तारखेला निवडणूक आयोगाचे अध्यक्ष सॅम्युएल किवुइटू यांनी किबाकी निवडून आल्याचे जाहीर केले आणि पाठोपाठ, दिवस मावळता मावळता, राष्ट्राध्यक्षांच्या निवासाच्या आवारात शपथविधी उरकला गेला. थोड्याच दिवसांत किवुइटूंनीच पत्रकारांना सांगितले की किबाकी खरोखर जिंकले का, हे आपल्याला माहीत नाही. नंतर दक्षिण आफ्रिकेचे निवृत्त न्यायमूर्ती योहान क्रीग्लर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. त्याचा निष्कर्ष असा, की मोजणीत इतकी सरमिसळ झाली होती की कोण जिंकले हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

या निष्कर्षाकडे मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून पाहतो. एका देशाने मतदान केले, कोट्यवधी शिलिंग खर्च केले, आणि हाती आलेले उत्तर वाचता येत नव्हते. दोन महिन्यांत अकराशेहून अधिक माणसे मारली गेली, लाखो लोक घरदार सोडून तंबूंत राहायला गेले. एल्डोरेटजवळ किआंबा इथे १ जानेवारीला आसऱ्याला आलेल्या बायका-मुलांसकट चर्च पेटवले गेले. नैरोबीच्या किबेरा वस्तीत लोकांनी रेल्वेचे रूळ उपसून काढले. महामार्गावर जागोजागी अडथळे उभे राहिले, मालमोटारी रांगेने थांबल्या आणि शेकडो मैल दूर युगांडाच्या कंपालात आणि रवांडाच्या किगालीत पेट्रोल पंप कोरडे पडले. ज्यांनी केनियात मत दिले नव्हते, ज्यांना ओडिंगा आणि किबाकी यांच्यात निवड करायची नव्हती, त्यांच्या गाड्या उभ्या राहिल्या.

केनियाची अर्थव्यवस्था २००७ मध्ये सात टक्क्यांच्या आसपास वाढली होती. २००८ मध्ये ती वाढ दोन टक्क्यांच्याही खाली आली. त्या वर्षी दुष्काळ होता, वर्षाअखेरीस जागतिक मंदीही आली, त्यामुळे सगळे पाप निवडणुकीच्या माथी मारता येणार नाही. पण पहिल्या तीन महिन्यांची पडझड घरचीच होती. नैवाशाच्या तळ्याकाठी गुलाबांचे मोठमोठे मळे आहेत. युरोपात व्हॅलेंटाइन डेला विकल्या जाणाऱ्या फुलांतली पुष्कळशी तिथून विमानाने जातात. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन तोडणीच्या मोसमात, नैवाशात दंगल पेटली आणि मजूर जीव मुठीत धरून पळाले. केरिचोच्या चहामळ्यांतले परजमातीचे मजूर गाव सोडून गेले. मोम्बासाच्या किनाऱ्यावरची हॉटेले रिकामी झाली. किसुमू शहरात दुकाने लुटली गेली, त्यांत भारतीय वंशाच्या कुटुंबांची दुकानेही होती. विमा कंपन्यांनी दंगलीच्या नुकसानीच्या कलमांवर बोट ठेवले आणि छोटे दुकानदार हात हलवत परत आले. भांडवल पळाले असे आपण सहज म्हणतो. पण पळता येते ते मोठ्या भांडवलाला. टपरीवालीचे भांडवल टपरीतच असते, ते टपरीबरोबर जळते.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली, आणि माझ्या मते ती आजच्या विषयाची किल्ली आहे. २८ फेब्रुवारी २००८ ला कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने किबाकी आणि ओडिंगा यांच्यात सत्तावाटपाचा करार झाला. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, २८ मार्चला, सफारीकॉम या दूरध्वनी कंपनीतला सरकारचा पंचवीस टक्के हिस्सा विक्रीला निघाला. एका शेअरची किंमत पाच शिलिंग. ज्या देशात रूळ उपसले गेले होते, त्याच देशात बँकांच्या दारात रांगा लागल्या. शेअर जेवढे होते त्याच्या कितीतरी पट मागणी आली आणि आठ लाखांहून अधिक लोकांनी अर्ज भरले. परदेशी गुंतवणूकदारांनीही हात आखडता घेतला नाही. म्हणजे पैसा केनियाला घाबरला नव्हता आणि निवडणुकीलाही घाबरला नव्हता. तो घाबरला होता उत्तराविना लटकून राहिलेल्या दोन महिन्यांना. उत्तर मिळाले, तेही तडजोडीचे आणि अपुरे, आणि तो परत आला.

माझे म्हणणे एवढेच आहे, आणि पुढचा सगळा वेळ मी ते तपासून पाहणार आहे. आफ्रिकेतल्या निवडणुकीचा उद्योगावर होणारा परिणाम कोण जिंकले यावर ठरतो, असे आपले उद्योगपती धरून चालतात. माझ्या वाचनातून आणि अभ्यासातून मला दिसते ते असे, की तो मुख्यतः मोजणीवर ठरतो. मत पडल्यापासून निकाल सर्वमान्य होईपर्यंत किती दिवस जातात, आणि हरलेल्या माणसाला हरणे परवडते का, या दोन गोष्टींवर. विश्वासार्ह मतमोजणी ही बंदर किंवा रेल्वे यांच्याइतकीच उद्योगाची पायाभूत सोय आहे. ती तुटली की बंदर आणि रेल्वेही तुटतात, हे आपण नकाशावर पाहिले.

गुंतवणूकदार निवडणुकीच्या वर्षात नेमके काय करतो? बहुतेक वेळा तो काहीच करत नाही, आणि नुकसान त्यातच असते. कारखान्याची जमीन घेतलेली असते, यंत्रे ठरलेली असतात, पण धनादेशावर सही होत नाही. मृगाचा पाऊस नीट लागेपर्यंत बियाणे घरात ठेवणाऱ्या शेतकऱ्यासारखाच त्याचा हिशेब असतो. थांबल्याने थोडे जाते, चुकीच्या वेळी पेरले तर सगळे जाते. नैरोबीतले आयातदार निवडणुकीच्या तीन-चार महिने आधी नव्या ऑर्डर आखडत्या घेतात. बँका लांब मुदतीची कर्जे पुढे ढकलतात. शहरातली कुटुंबे मुलांना घेऊन गावी जातात आणि घरात पीठ-तेल भरून ठेवतात. एकेकाचा निर्णय शहाणपणाचा, पण सगळे एकदम थांबले की वर्षाचा मोठा तुकडा वाया जातो. दर पाच वर्षांनी असे व्हायचे असेल तर त्याला त्या देशावर बसलेला एक न छापलेला करच म्हटले पाहिजे. आणि मोजणीवरचा अविश्वास जितका जास्त, तितका हा कर जास्त.

केनियाने हा कर कमी करायचे मनावर घेतले. २७ ऑगस्ट २०१० ला नवी राज्यघटना अमलात आली. सत्तेचा सगळा मलिदा एकट्या राष्ट्राध्यक्षाच्या हाती राहू नये म्हणून ४७ काउंट्या झाल्या, त्यांना निवडून आलेले गव्हर्नर आणि स्वतःचा निधी मिळाला. हरलेल्या पक्षाच्या हातीही काहीतरी उरते, ही यातली मोलाची गोष्ट. नवे सर्वोच्च न्यायालय आले. राष्ट्राध्यक्षपदाच्या निकालाला आव्हान द्यायचे तर सात दिवसांत याचिका करायची आणि न्यायालयाने चौदा दिवसांत निकाल द्यायचा, असे घटनेतच लिहून ठेवले. आपल्याकडे निवडणूक याचिका वर्षानुवर्षे रेंगाळतात, त्या पार्श्वभूमीवर या चौदा दिवसांचे महत्त्व मला फार वाटते. राज्यशास्त्राच्या पुस्तकात ही तरतूद लोकशाहीच्या प्रकरणात येते. ती उद्योगधोरणाच्या प्रकरणातही यायला हवी.

२०१३ मध्ये उहुरू केन्याटा ५०.०७ टक्के मतांनी निवडून आले, ओडिंगा न्यायालयात गेले, हरले आणि त्यांनी निकाल मानला. रस्ते बहुतांशी शांत राहिले. त्या वर्षी उद्योजकांच्या संघटनेने शांततेची मोठी मोहीम चालवली होती आणि तिचे कौतुक झाले. पण त्या मोहिमेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शांतता, शांतता असा एकच घोष झाल्यावर मोजणीबद्दल साधा प्रश्न विचारणेही देशद्रोहासारखे वाटू लागले. मतदार ओळखणारी यंत्रे त्या वर्षी ठिकठिकाणी बंद पडली होती. प्रश्न गिळले गेले आणि २०१७ मध्ये ते दुप्पट होऊन वर आले.

८ ऑगस्ट २०१७ च्या मतदानाच्या काही दिवस आधी आयोगाच्या संगणक विभागाचे एक प्रमुख अधिकारी ख्रिस मसांडो यांचा खून झाला. केन्याटा ५४ टक्के मतांनी विजयी घोषित झाले. ओडिंगांनी याचिका केली. न्यायालयाने आयोगाला आपले सर्व्हर तपासणीसाठी उघडायला सांगितले, ते नीट उघडले गेले नाहीत. १ सप्टेंबरला सरन्यायाधीश डेव्हिड मरागा यांनी बहुमताचा निकाल वाचला आणि निवडणूक रद्द झाली. सत्तेवर असलेल्या राष्ट्राध्यक्षाची निवड न्यायालयाने रद्द केल्याची आफ्रिकेतली ही पहिली वेळ. त्या सकाळी नैरोबीच्या शेअर बाजारात भाव असे कोसळले की व्यवहार काही वेळ थांबवावे लागले.

बाजाराने त्या दिवशी केनियाची किंमत चुकीची लावली असे माझे ठाम मत आहे. त्या सकाळी केनियात एक गोष्ट सिद्ध झाली होती. सत्तेवर असलेल्या माणसाच्या विरुद्ध, त्याच्याच राजधानीत, कायदेशीर निकाल लागू शकतो. उद्या ज्या कंपनीचा सरकारशी करारावरून वाद होईल, तिला यापेक्षा मोठी हमी कोणती हवी? पण बाजाराला दिसले ते एवढेच, की आता आणखी दोन महिने थांबायचे. तेही खोटे नव्हते. २६ ऑक्टोबरच्या फेरनिवडणुकीवर ओडिंगांनी बहिष्कार टाकला, केन्याटांना ९८ टक्के मते पडली आणि निम्म्याहून अधिक मतदार घरीच राहिले. त्या वर्षीची वाढ मंदावली. दुष्काळ होता, मक्यावर लष्करी अळी आली होती, आणि २०१६ पासून व्याजदरावर कायद्याने घातलेल्या मर्यादेमुळे बँका लहान उद्योगांना कर्ज देईनाशा झाल्या होत्या. यात निवडणुकीचा वाटा किती, हे कोणी अपूर्णांकात सांगू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

पाच वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, याच न्यायालयीन फटकाऱ्याचे फळ दिसले. ४६,२२९ मतदान केंद्रांपैकी प्रत्येकाचा निकालाचा मूळ फॉर्म, हाताने भरलेला आणि सह्या असलेला, आयोगाने सर्वांना पाहता येईल असा प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रे, विद्यार्थी, पक्ष-कार्यकर्ते, कोणीही बेरीज करू शकत होते आणि अनेकांनी ती केली. विल्यम रुटो ५०.४९ टक्क्यांवर जिंकले. आयोगाच्या सात सदस्यांपैकी चौघांनी निकालापासून अंग काढून घेतले, निकाल जाहीर होणाऱ्या सभागृहात खुर्च्या उडाल्या, ओडिंगा पुन्हा न्यायालयात गेले. ५ सप्टेंबरला न्यायालयाने एकमताने रुटोंचा विजय कायम ठेवला आणि ओडिंगांनी मतभेद नोंदवून तो मानला. पंधरा वर्षांपूर्वी ज्या मोजणीचे उत्तर कोणालाच सांगता आले नव्हते, ती आता घरबसल्या तपासता येत होती. मोम्बासाच्या वाटेवरच्या मालमोटारी चालू राहिल्या.

इथे माझ्या म्हणण्याची एक मर्यादा सांगायला हवी, कारण मोजणी चोख असली की सगळे साधले असे मला म्हणायचे नाही. घानाकडे पाहा. १९९२ पासून त्या देशात नियमित निवडणुका होतात आणि सत्ता एका पक्षाकडून दुसऱ्याकडे शांतपणे जाते. २००८ मध्ये जॉन अट्टा मिल्स हे नाना अकुफो-अडो यांच्यापेक्षा अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरकाने पुढे होते, तरी देश शांत राहिला. २०२४ च्या डिसेंबरमध्ये सत्ताधारी पक्षाचे उमेदवार महमुदू बावुमिया यांनी अधिकृत घोषणेआधीच जॉन महामा यांचे अभिनंदन केले. मोजणीच्या बाबतीत घाना अनेकांना धडा देऊ शकतो. पण तिथला रोग वेगळ्या जागी आहे. निवडणुकीच्या वर्षी तिजोरी उघडते. पगारवाढ, रस्त्यांची घाईची कंत्राटे, अनुदाने. २०१२ च्या निवडणूक वर्षात तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या दहा टक्क्यांपुढे गेली आणि तीन वर्षांत देशाला नाणेनिधीच्या दारात उभे राहावे लागले. २०२० मध्ये कोविड आणि निवडणूक एकत्र आले. डिसेंबर २०२२ मध्ये घानाने परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले, तेव्हा महागाई ५४ टक्के होती. सरकारी रोख्यांची पुनर्रचना झाली. निवृत्त माणसे, ज्यांनी आयुष्याची पुंजी सरकारी रोख्यांत ठेवली होती, ती अक्रात अर्थ मंत्रालयाच्या दारात धरण्याला बसली. माजी सरन्यायाधीश सोफिया अकुफो त्यांच्यात येऊन उभ्या राहिल्या. मत देताना या माणसांना कोणी रोखले नव्हते, त्यांचे मत मोजलेही गेले होते. मतासाठी केलेल्या खर्चाच्या वसुलीचा धोका मात्र त्यांच्या आयुष्याच्या पुंजीवर येऊन ठेपला.

केनियातही हे होते. २०२२ च्या मतदानाला तीन आठवडे असताना सरकारने मक्याच्या पिठाच्या दोन किलोच्या पिशवीची किंमत अनुदान देऊन दोनशे शिलिंगांवरून शंभरावर आणली. उंगा, म्हणजे हे पीठ, गरिबाचे रोजचे जेवण आहे, त्याच्या दिलाशाला मी नाव ठेवणार नाही. पण निवडणुकीच्या तोंडावर आलेला दिलासा निवडणुकीनंतर टिकत नाही, हे गिरणीवालाही जाणतो आणि तसाच साठा करतो.

आता झांबिया. ही कहाणी आपल्या घराजवळची आहे, कारण तिच्यात एक भारतीय नाव आहे. झांबियाच्या तांब्याच्या पट्ट्यात कोंकोला ही जुनी खाण आहे. २००४ मध्ये अनिल अगरवाल यांच्या वेदांताने तिचा ताबा घेतला. खाणीच्या प्रदूषणाने काफुए नदीच्या खोऱ्यातल्या गावकऱ्यांचे पाणी आणि शेती नासली, असा दावा लंडनच्या न्यायालयांत गेला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो चालवायला परवानगी दिली आणि २०२१ मध्ये जबाबदारी न मानता तडजोड झाली. म्हणजे कंपनीबद्दल लोकांच्या मनात राग होता आणि तो निराधार नव्हता. मे २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष एडगर लुंगू यांच्या सरकारने अवसायक नेमून खाण काढून घेतली. परदेशातल्या प्रत्येक खाण कंपनीने त्यातून एकच अर्थ काढला, की इथे आज आपण, उद्या कोण. नवे पैसे येणे थांबले. नोव्हेंबर २०२० मध्ये झांबियाने कर्जाचे व्याज चुकवले.

१२ ऑगस्ट २०२१ ला मतदान झाले. त्या दिवशी व्हॉट्सॲप बंद पाडले गेले आणि न्यायालयाच्या आदेशाने ते पुन्हा सुरू झाले. सहाव्या खेपेला उभे असलेले हाकाइंदे हिचिलेमा सुमारे ५९ टक्के मतांनी जिंकले. लुंगूंनी आधी निवडणूक मुक्त नव्हती असे म्हटले, पण १६ ऑगस्टला दूरचित्रवाणीवरून पराभव मान्य केला. चार दिवस. २००८ च्या केनियाला लागलेल्या दोन महिन्यांशी ते ताडून पाहा. झांबियाचे क्वाचा हे चलन वधारले, आणि त्याहून टिकाऊ गोष्टी पुढे घडल्या. खाणींच्या रॉयल्टीवर पुन्हा कर लागायचा, तो नव्या सरकारने काढला. फर्स्ट क्वांटम या कंपनीने कन्सान्शी खाणीच्या विस्तारासाठी सव्वा अब्ज डॉलरचा रखडलेला निर्णय २०२२ मध्ये घेतला. सप्टेंबर २०२३ मध्ये कोंकोला वेदांताला परत देण्याचे ठरले आणि २०२४ मध्ये ताबा मिळाला.

वेदांताला न्याय मिळाला असे एखादा म्हणेल, आणि काफुएकाठचा गावकरी वेगळे म्हणेल. मला दोघांना एकच प्रश्न विचारायचा आहे. २०१९ मध्ये एका राज्यकर्त्याच्या सहीने खाण गेली आणि २०२३ मध्ये दुसऱ्याच्या सहीने आली. मग तिसरा आला तर? जिंकलेल्या माणसाशी सख्य हा या धंद्यातला विमा मानला जातो. पण तो विमा पाच वर्षांचाच असतो, आणि खाण तीस वर्षांची.

नायजेरियाचे थोडक्यात सांगतो. मार्च २०१५ मध्ये गुडलक जोनाथन यांनी मुहम्मदू बुहारी यांना फोन करून पराभव मानला, आणि दुसऱ्या दिवशी लागोसचा शेअर बाजार आठ टक्क्यांहून अधिक उसळला. आनंद योग्य होता. पण बुहारींना मंत्रिमंडळ बनवायला साडेपाच महिने लागले, तेलाचे भाव पडले असताना नायरा या चलनाचा दर धरून ठेवला गेला, आणि २०१६ मध्ये अर्थव्यवस्था आकसली. मोजणी दार उघडते. आत जाऊन राज्य करायचे काम उरतेच. २०२३ मध्ये बोला टिनुबू यांनी शपथ घेतानाच पेट्रोलचे अनुदान संपल्याचे सांगितले, दोन-अडीच आठवड्यांत नायरा मोकळा सोडला, आणि तो घसरत गेला. त्याचा फटका थेट महाराष्ट्रात पोहोचला. बजाज ऑटोची बॉक्सर ही मोटारसायकल नायजेरियात प्रवासी नेणाऱ्या तरुणांची रोजीरोटी आहे आणि तो देश बजाजच्या मोठ्या बाजारपेठांपैकी एक होता. नायरा पडल्यावर गाडी त्या तरुणाच्या आवाक्याबाहेर गेली आणि पुण्याच्या कंपनीची तिथली निर्यात कोसळली. राजधानी अबुजात शपथविधी झाला तेव्हा आकुर्डी-वाळूजला त्याची दखल घेण्याचे कारण होते.

मोझांबिकशी आपले नाते आणखी रोजचे आहे. २०१६ मध्ये झालेल्या आणि पुढे वाढवलेल्या करारानुसार भारताने तिथून वर्षाला दोन लाख टनांपर्यंत तूर घ्यायचे मान्य केले. नाम्पुला आणि झांबेझिया प्रांतांतले लहान शेतकरी ती मुख्यतः आपल्यासाठी पिकवतात, कारण तिथे तुरीचा खप थोडा. लातूर-अकोल्याच्या डाळ गिरण्यांना ही तूर ठाऊक आहे. ९ ऑक्टोबर २०२४ ला तिथे निवडणूक झाली. १९७५ पासून सत्तेवर असलेल्या फ्रेलिमो पक्षाचे डॅनियल चापो विजयी घोषित झाले. विरोधी उमेदवार वेनान्सिओ मोंडलेन यांनी निकाल नाकारला, त्यांचे वकील आणि एक सहकारी राजधानी मापुतोत गोळ्या घालून मारले गेले, आणि तरुण रस्त्यावर उतरले. घटनात्मक परिषदेचा अंतिम निकाल यायला २३ डिसेंबर उजाडले. अडीच महिने. या काळात सुमारे तीनशे माणसे मेली. दक्षिण आफ्रिकेच्या सीमेवरचे रेसानो गार्सियाचे नाके पुन्हा पुन्हा बंद पडले, मापुतो बंदराकडे जाणाऱ्या क्रोम खनिजाच्या मालमोटारी अडकल्या. देशाच्या उत्तरेला रोवुमाच्या समुद्रात नैसर्गिक वायूचा प्रचंड प्रकल्प आहे, त्यात भारतीय सार्वजनिक कंपन्यांचा तीस टक्के वाटा आहे आणि त्यांतल्या भारत पेट्रोलियमचे मुख्यालय मुंबईत आहे. तो प्रकल्प २०२१ मध्ये थांबला तो निवडणुकीमुळे नव्हे, काबो डेलगाडो प्रांतातल्या बंडामुळे. पण त्या बंडाच्या मुळाशीही, आपले मत आणि आपले दुःख राजधानीत मोजले जात नाही, ही उत्तरेच्या तरुणांची भावना आहे. त्या प्रकल्पात आपल्या सार्वजनिक पैशाचा तीस टक्के वाटा असताना मोझांबिकची मतमोजणी ही आपल्याला परकी गोष्ट राहत नाही.

आफ्रिकेतल्या भारतीय व्यापाऱ्याला राजकारणापासून चार हात दूर राहून राज्यकर्त्याशी मात्र जमवून घ्यायची सवय लागली, आणि त्याला इतिहासाची कारणे आहेत. १९७२ मध्ये युगांडातून ईदी अमीनने हाकललेल्या कुटुंबांना ती कारणे शिकवावी लागत नाहीत. पण ही सवय संरक्षण देते का? जुलै २०१७ मध्ये, निवडणुकीला तीन आठवडेही उरले नसताना, केनिया सरकारने आपल्या आशियाई वंशाच्या नागरिकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. समाज सुखावला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विरोधी आघाडीने सत्तेच्या जवळच्या म्हणून तीन कंपन्यांच्या मालावर बहिष्कार पुकारला. त्यांत सफारीकॉम होती, दुधाची ब्रुकसाइड होती आणि तिसरी होती भारतीय वंशाच्या शहा कुटुंबाची, खाद्यतेल बनवणारी बिडको. वाण्याच्या दुकानातली तेलाची बाटली मतपत्रिका झाली. २०२४ मध्ये अदानी समूहाला नैरोबीचा विमानतळ तीस वर्षे चालवायला देण्याचा बेत उघड झाला, तेव्हा विमानतळाचे कामगार संपावर गेले, प्रकरण न्यायालयात गेले, आणि नोव्हेंबरमध्ये, अमेरिकेतल्या आरोपपत्रानंतर, रुटोंनी संसदेत तो रद्द केल्याचे जाहीर केले. त्या वर्षाच्या जूनमध्ये करवाढीच्या विधेयकाविरुद्ध केनियाचे तरुण संसदेत घुसले होते आणि विधेयक मागे घ्यावे लागले होते. बंद खोलीत झालेल्या कराराला या पिढीची संमती गृहीत धरता येत नाही.

या सभागृहात आफ्रिकेत माल पाठवणारे काही तरुण उद्योजक बसले आहेत. केनियाची पुढची निवडणूक १० ऑगस्ट २०२७ ला आहे. कोण जिंकेल हे ते मला विचारतील. रायला ओडिंगा पाच वेळा उभे राहिले, पाचही वेळा निकाल त्यांच्याविरुद्ध गेला, आणि २००७ पासून दर वेळी रस्ता आणि न्यायालय यांच्यामधली निवड त्यांच्या हाती होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये उपचारासाठी आले असताना केरळमध्ये त्यांचे निधन झाले. हरलेल्यांना सांभाळणारा तेवढ्या वजनाचा दुसरा माणूस तिथे आज दिसत नाही. निवडणूक आयोग जानेवारी २०२३ पासून जवळजवळ अडीच वर्षे अध्यक्षाविना आणि सदस्यांविना रिकामा होता, तो जुलै २०२५ मध्ये भरला गेला. त्याला मतदारयाद्या नव्या करायच्या आहेत, २०२४ च्या आंदोलनातल्या तरुणांची नोंदणी करायची आहे आणि २०२२ सारखे सगळे फॉर्म पुन्हा उघडे ठेवायचे आहेत. तेव्हा उमेदवारांच्या मुलाखतींपेक्षा या आयोगाच्या बातम्या वाचा. प्रत्येक केंद्राचा फॉर्म प्रसिद्ध करण्याची तयारी वेळेत होते का, न्यायालयाचे आदेश सरकार पाळते का, आणि काउंट्यांचा निधी महिनोन् महिने अडकतो का, यावर लक्ष ठेवा. आणि तिथे तुमच्या उद्योजक-संघटनेत बसायची वेळ आली, तर मोजणीच्या पारदर्शकतेची मागणी उघडपणे करा, जिंकणाऱ्याचा अंदाज बांधून त्याच्या निधीत पैसे टाकण्याआधी.